सर्व्हरचा पोर्ट खरंच उघडा आहे का? आतून बाहेर तपासत जायची पद्धत

‘फायरवॉलमध्ये पोर्ट उघडलाय, तरी बाहेरून लागत नाही.’ नवा सर्व्हर हाताळायला घेतला की कधी ना कधी हे वाक्य तोंडी येतंच. (पोर्ट म्हणजे सर्व्हरवरच्या एखाद्या सेवेचा क्रमांक घातलेला दरवाजा, आणि फायरवॉल म्हणजे येणारी-जाणारी माहिती सोडणारा किंवा अडवणारा पहारेकरी.) माझ्याही आलं होतं. ८०८० पोर्टवरचं एक छोटं ॲप बाहेरून दिसेना, म्हणून मी अख्खी संध्याकाळ फायरवॉलचे नियम बदलत बसलो. नियम पहिल्यापासून बरोबर होते. ॲप फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकत होतं, म्हणजे तिथेच जोडणीची वाट पाहत होतं, त्यामुळे त्या मशीनबाहेरच्या कुणाला ते उत्तर देणारच नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे त्या चाचपडण्यात उघडलेले चार नको ते पोर्ट पुढे कित्येक दिवस तसेच उघडे राहिले.

तेव्हापासून मी एक क्रम सोडत नाही. आधी सर्व्हरच्या आत पाहायचं, मग बाहेरून, आणि अडकलंय कुठे ते कळेपर्यंत एकाही नियमाला हात लावायचा नाही. तोच क्रम इथे देतो आहे.

लिहिण्याबद्दल एक सूचना. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणातला २०३.०.११३.१० हा पत्ता फक्त लिखाणातल्या नमुन्यांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे. त्याच्या जागी तुमच्या सर्व्हरचा पत्ता घाला.

हाताशी काय हवं

- सर्व्हरवर लॉगिन आणि सुडोचा अधिकार (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवण्याची मुभा)
- सर्व्हरच्या नेटवर्कबाहेरचं एक मशीन; मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेला लॅपटॉप उत्तम
- सर्व्हरचा सार्वजनिक आयपी पत्ता (नुसतं डोमेनचं नाव पुरत नाही, कारण पुढे येईलच)
- क्लाउडवर असाल तर त्याच्या कन्सोलचं लॉगिन, घरचा सर्व्हर असेल तर राउटरचं
- सर्व्हरवर ‘एसएस’ (कोणता प्रोग्रॅम कुठे ऐकतोय ते दाखवणारं) आणि ‘टीसीपीडंप’ (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं), बाहेरच्या मशीनवर ‘नेटकॅट’ (एका पोर्टला जोडून पाहणारं) किंवा ‘एनमॅप’ (अनेक पोर्ट तपासणारं)
- सर्व्हर तुमचा नसेल तर मालकाची परवानगी, शक्यतो लेखी

१. प्रश्न नेमका लिहून काढा

‘पोर्ट उघडा आहे का’ हा प्रश्न अर्धवट आहे. कोणता पोर्ट, टीसीपी की यूडीपी, आणि कुठून पाहिल्यावर, हे तिन्ही ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. पोर्ट म्हणजे ० ते ६५५३५ मधला एक क्रमांक. टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती; टीसीपी आधी जोडणी करते, यूडीपी करत नाही. टीसीपीचा ५३ आणि यूडीपीचा ५३ हे दोन वेगळे पोर्ट आहेत. एक उघडा आणि दुसरा बंद असं सहज असू शकतं. ऑफिसच्या नेटवर्कमधून उघडा दिसणारा पोर्ट बाहेरच्या जगाला बंद असणं हेही नेहमीचंच, बऱ्याचदा मुद्दाम केलेलं.

म्हणून कागदावर एक ओळ लिहा: ‘टीसीपी ८०८०, इंटरनेटवरून, २०३.०.११३.१० कडे.’ पुढची प्रत्येक चाचणी या ओळीशी ताडून पाहायची.

टीसीपीचा पोर्ट उघडा दिसायला तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. त्या पोर्टवर एखादा प्रोग्रॅम ऐकत असला पाहिजे, तो बाहेरून पोहोचता येईल अशा पत्त्यावर ऐकत असला पाहिजे, आणि वाटेतल्या प्रत्येक फायरवॉलने पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) सोडलं पाहिजे. नवशिक्या थेट तिसऱ्या गोष्टीकडे धावतो. मीही तेच केलं होतं.

२. आत कुणी ऐकतंय का ते पाहा

सर्व्हरवर लॉगिन करून ही कमांड द्या:

सुडो एसएस -टीएलएनपी

यात ‘टी’ म्हणजे टीसीपी, ‘एल’ म्हणजे फक्त ऐकणारे सॉकेट (जोडणीची टोकं), ‘एन’ म्हणजे नावांऐवजी आकडे आणि ‘पी’ म्हणजे कोणता प्रोग्रॅम. यूडीपी पाहायचं असेल तर ‘टी’च्या जागी ‘यू’. सुडो गाळलं तर दुसऱ्या युजरच्या प्रोग्रॅमची नावं दिसत नाहीत, आणि रकाना रिकामा पाहून माणूस गोंधळतो.

जुन्या लेखांत ‘नेटस्टॅट’ सापडेल. लिनक्सवर आता त्याची जागा ‘एसएस’ने घेतली आहे. विंडोजवर मात्र ‘नेटस्टॅट -एएनओ’ अजूनही कामाचं आहे. शेवटच्या रकान्यात प्रोसेसचा क्रमांक मिळतो आणि त्यावरून टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रॅम शोधता येतो.

यादीत तुमचा पोर्टच नसेल तर इथेच थांबा. सर्व्हिस सुरू नाही, सुरू होऊन कोसळली आहे, किंवा भलत्याच पोर्टवर बसली आहे. तिचा लॉग वाचा. १०२४ च्या खालच्या पोर्टवर बसायला लिनक्समध्ये सहसा रूटचा (ॲडमिनचा) किंवा खास दिलेला अधिकार लागतो, म्हणून ‘परमिशन डिनाइड’ असं काही दिसतंय का ते आधी शोधा.

३. कोणत्या पत्त्यावर ऐकतंय ते वाचा

माझी संध्याकाळ गेली ती याच रकान्यापायी. ‘एसएस’च्या उत्तरात पोर्टच्या आधी एक पत्ता असतो.

१२७.०.०.१:८०८० दिसलं, तर प्रोग्रॅम फक्त त्याच मशीनवरून आलेली जोडणी घेतो. फायरवॉल पूर्ण बंद केली तरी बाहेरून काहीही लागणार नाही. ०.०.०.०:८०८० म्हणजे मशीनच्या सगळ्या आयपीव्ही४ (नेहमीच्या, चार आकड्यांच्या) पत्त्यांवर. चौकटी कंसात दोन विसर्गचिन्हं (::) आणि पुढे पोर्ट दिसला, तर सगळ्या आयपीव्ही६ (नव्या, लांब) पत्त्यांवर. लिनक्सवर असं सॉकेट सहसा आयपीव्ही४ सुद्धा घेतं, प्रोग्रॅमने तसं मुद्दाम नाकारलं नसेल तर. आणि १०.०.०.५:८०८० यासारखा एखादाच पत्ता असेल, तर त्या एका इंटरफेसवर (मशीनच्या त्या एका नेटवर्क-जोडणीवर) आलेलंच ऐकलं जाईल.

पत्ता बदलायचा तो ॲपच्या सेटिंगमध्ये. त्या सेटिंगला बहुधा ‘बाइंड’, ‘होस्ट’ किंवा ‘लिसन’ असं नाव असतं. विकासासाठीचे बरेच सर्व्हर आणि डेटाबेस सुरुवातीला मुद्दामच १२७.०.०.१ वर बसतात. ते सुरक्षेसाठी असतं, त्यामुळे बदलण्याआधी स्वतःला विचारा: हा पोर्ट खरंच बाहेर लागणार आहे का? मायएसक्यूएलचा ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२, रेडिसचा ६३७९ हे पोर्ट इंटरनेटला उघडायची गरज जवळजवळ कधीच नसते. घरून डेटाबेस पाहायचा असेल तर एसएसएचचा (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायच्या साधनाचा) बोगदा वापरा. (‘एसएसएच’ला मोठ्या अक्षरातला ‘-एल’ पर्याय देऊन तो करता येतो.) हे मी आग्रहाने सांगतो, कारण उघडा पडलेला डेटाबेस शोधत फिरणारे स्कॅनर इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात.

४. सर्व्हरवरूनच जोडून पाहा

कर्ल -व्ही एचटीटीपी://१२७.०.०.१:८०८०

उत्तर आलं की प्रोग्रॅम जिवंत आहे हे पक्कं. वेब सर्व्हिस नसेल तर ‘एनसी -झेडव्ही १२७.०.०.१ ५४३२’ असं नेटकॅट चालवा. ‘झेड’ म्हणजे डेटा न पाठवता फक्त जोडून पाहा, ‘व्ही’ म्हणजे काय झालं ते सांग.

इथे एक सापळा आहे. काही जण सर्व्हरवर बसूनच सर्व्हरच्या बाहेरच्या पत्त्यावर चाचणी करतात आणि ‘उघडा आहे’ म्हणून समाधान मानतात. तो पत्ता त्याच मशीनच्या इंटरफेसवर असेल, तर लिनक्स ते पॅकेट बाहेर पाठवतच नाही, आतल्या लूपबॅकवरूनच (मशीनच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीवरून) फिरवतं. लूपबॅकला फायरवॉल सहसा सूट देते. त्यामुळे या चाचणीतून बाहेरच्या वाटेबद्दल काहीच कळत नाही.

५. आता बाहेरून

लिनक्स किंवा मॅकवरून:

एनसी -झेडव्ही -डब्ल्यू ३ २०३.०.११३.१० ८०८०

‘डब्ल्यू ३’ म्हणजे तीन सेकंद वाट पाहा. हा पर्याय जरूर द्या. नाहीतर पलीकडून उत्तरच न आल्यास लिनक्स मिनिटभराहून अधिक वेळ प्रयत्न करत राहतं. काही लिनक्स वितरणांत ‘एनसी’ या नावाने एनमॅपसोबतचं ‘एनकॅट’ मिळतं आणि त्याचे पर्याय थोडे वेगळे असतात. एखादा पर्याय चालला नाही तर आधी हे तपासा.

विंडोजवर वेगळं काही बसवायला नको. पॉवरशेल उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन २०३.०.११३.१० -पोर्ट ८०८०’ द्या आणि शेवटच्या ‘टीसीपीटेस्टसक्सीडेड’ या ओळीत ‘ट्रू’ की ‘फॉल्स’ ते वाचा. ही कमांड फक्त टीसीपी तपासते. टेलनेटही चालतं, पण विंडोजवर ते आधी सुरू करून घ्यावं लागतं.

चाचणी कशी करू नये तेही सांगतो.

पिंगवरून निष्कर्ष काढू नका. पिंगला पोर्टच नसतो, ते आयसीएमपी ही नेटवर्कचे निरोप पोहोचवणारी वेगळी पद्धत वापरतं. पिंग बंद आणि वेबसाइट चालू असे सर्व्हर भरपूर आहेत, आणि उलटही.

डोमेनच्या नावावर चाचणी करू नका. नाव सीडीएन किंवा प्रॉक्सीकडे (तुमच्या सर्व्हरच्या वतीने उत्तर देणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे) वळवलेलं असेल, तर ४४३ उघडा दिसतो तो प्रॉक्सीचा. तुमचा सर्व्हर बंद असला तरी तो उघडाच दिसेल. शिवाय नावाला आयपीव्ही६ पत्ताही जोडलेला असेल, तर चाचणी कोणत्या पत्त्यावर झाली ते कळत नाही. आधी थेट आयपी, मग नाव.

एकाच नेटवर्कवरच्या निकालावर विसंबू नका. अनेक ऑफिसांची नेटवर्क बाहेर जाणारे पोर्टही अडवतात, आणि मेलचा २५ तर बऱ्याच इंटरनेट पुरवठादारांकडे आणि क्लाउडवर बाहेर जायला बंदच असतो. दोष तुमच्या बाजूचा आणि संशय सर्व्हरवर, असं सहज होतं. हॉटस्पॉटवरून पुन्हा पाहा. त्याच सर्व्हरचा नक्की उघडा असलेला एखादा पोर्टही सोबत तपासा. तो लागला आणि हवा तो लागला नाही, तर शोधाचा आवाका एकदम लहान होतो.

६. आलेलं उत्तर नीट वाचा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. ‘लागत नाही’ असं म्हणून पुढे जाऊ नका. कसं लागत नाही ते पाहा. स्पष्ट नकार येणं आणि काहीच उत्तर न येणं यांची कारणं वेगळी असतात.

टीसीपीची जोडणी तीन पॅकेटांत होते. तुमच्याकडून ‘सिन’ जातं, पलीकडून ‘सिन-ॲक’ येतं, तुम्ही ‘ॲक’ पाठवता. पोर्टवर कुणी ऐकत नसेल तर पलीकडची ऑपरेटिंग सिस्टिम ‘सिन-ॲक’ऐवजी ‘रीसेट’ पाठवते.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं, तर ही एका अर्थी चांगली बातमी आहे. बहुतेक वेळा पॅकेट सर्व्हरपर्यंत पोहोचलं, रस्ता मोकळा आहे, पण त्या पोर्टवर कुणी बसलेलं नाही. परत पायरी २ आणि ३ वर जा. एक अपवाद आहे: काही फायरवॉल पॅकेट गिळण्याऐवजी नकार कळवतात, आणि तो नकारही पडद्यावर अगदी असाच दिसू शकतो.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं, तर पॅकेट वाटेत कुणीतरी गुपचूप टाकून दिलं. फायरवॉल, क्लाउडचा नियम, चुकीचा आयपी किंवा बंद मशीन. ॲपच्या सेटिंगमध्ये वेळ घालवायची ही वेळ नव्हे.

‘नो रूट टू होस्ट’ हा फसवा संदेश आहे. वाचून वाटतं नेटवर्कच तुटलं. पण रेड हॅट घराण्यातल्या लिनक्स वितरणांवर ‘फायरवॉलडी’ ही तिथली फायरवॉल पोर्ट नाकारताना असा आयसीएमपी संदेश परत पाठवते की पलीकडे हेच शब्द उमटतात. त्याच सर्व्हरवर एसएसएच लागतंय आणि दुसऱ्या पोर्टवर ‘नो रूट टू होस्ट’ येतंय, तर राउटिंगकडे बघू नका. सर्व्हरवरची फायरवॉल उघडा.

आणि जोडणी होऊन लगेच तुटली, तर पोर्ट उघडा आहे. पुढचा प्रश्न ॲपचा किंवा मधल्या प्रॉक्सीचा.

७. वाटेतल्या फायरवॉल एकेक करून

सहसा दोन असतात आणि माणसाला एकच आठवते.

पहिली सर्व्हरवरची. उबुंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल असते, तिथे ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस’, फायरवॉलडी असेल तिथे ‘सुडो फायरवॉल-सीएमडी --लिस्ट-ऑल’. फायरवॉलडीमध्ये ‘--परमनंट’ लावून दिलेला नियम ‘--रीलोड’ केल्याशिवाय लागू होत नाही, आणि ‘--परमनंट’ न लावता दिलेला नियम रीलोड झाला की उडतो. ‘काल चालत होतं, आज नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

यूएफडब्ल्यू पहिल्यांदा सुरू करताना आधी एसएसएचचा २२ उघडा, मगच ‘इनेबल’ करा. शिवाय एक एसएसएच सत्र वेगळ्या खिडकीत चालू ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होतंय याची खात्री झाल्यावरच ते बंद करा. स्वतःला सर्व्हरबाहेर कोंडून घेतलं, तर क्लाउडच्या कन्सोलशिवाय आत यायला वाट उरत नाही.

डॉकर (ॲप ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर इथे खास लक्ष द्या. कंटेनरचा पोर्ट ‘-पी ५४३२:५४३२’ असा बाहेर काढला, की डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या आतल्या फायरवॉलचे) नियम घालतं आणि यूएफडब्ल्यूचे नियम त्या वाटेत येतच नाहीत. यूएफडब्ल्यू म्हणतं पोर्ट बंद आहे, आणि बाहेरून तो सताड उघडा असतो. फक्त सर्व्हरवरच वापरायचा असेल तर ‘-पी १२७.०.०.१:५४३२:५४३२’ असं लिहा.

दुसरी फायरवॉल क्लाउडची: अ‍ॅमेझॉनवर सिक्युरिटी ग्रुप, अ‍ॅझ्युअरवर नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप, गूगल क्लाउडवर व्हीपीसीचे फायरवॉल नियम. सर्व्हरच्या आतून त्या दिसत नाहीत, म्हणूनच विसरल्या जातात. अ‍ॅमेझॉनवर याखेरीज सबनेटला (नेटवर्कच्या एका भागाला) नेटवर्क एसीएल, म्हणजे नियमांची वेगळी यादी असते. सिक्युरिटी ग्रुप आत सोडलेल्या जोडणीचं उत्तर आपोआप बाहेर जाऊ देतो. एसीएल तसं लक्षात ठेवत नाही, तिथे परतीच्या वाटेचा नियम वेगळा लिहावा लागतो.

सर्व्हर घरच्या राउटरमागे असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरकडे आलेली जोडणी आतल्या सर्व्हरकडे वळवणं) लागेल. त्याआधी राउटरच्या पानावर त्याला मिळालेला बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ च्या मधला असेल, किंवा १०, १९२.१६८ अशा खासगी पत्त्यांपैकी असेल, तर तुमच्या पुढे आणखी एक नॅट (एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटणारी व्यवस्था) बसलं आहे. तुमच्या राउटरवर काहीही उघडलं तरी बाहेरून कुणी पोहोचणार नाही. पुरवठादाराकडे सार्वजनिक पत्ता मागा किंवा आयपीव्ही६ ची वाट धरा. आणि घरच्याच वायफायवरून स्वतःच्या बाहेरच्या पत्त्यावर चाचणी करू नका. पुष्कळ राउटरना असं वळून आत येणं जमत नाही.

८. तरीही कळेना? पॅकेट येतंय का ते डोळ्यांनी पाहा

अंदाज संपले की मी टीसीपीडंप लावतो. सर्व्हरवर:

सुडो टीसीपीडंप -एनआय एनी टीसीपी पोर्ट ८०८०

हे चालू ठेवून बाहेरून चाचणी करा. टीसीपीडंपला आत येणारं पॅकेट सर्व्हरच्या फायरवॉलआधी दिसतं, आणि त्याचं खरं मोल यातच आहे. प्रत्येक ओळीत ‘फ्लॅग्ज’पुढे चौकटी कंसात एक खूण असते.

काहीच उमटलं नाही, तर पॅकेट सर्व्हरपर्यंत येतच नाही: क्लाउडचे नियम, राउटर किंवा चुकीचा पत्ता. ‘एस’ खुणेचं सिन पुन्हा पुन्हा येतंय आणि उत्तर जात नाही, तर बहुतेक सर्व्हरवरचीच फायरवॉल ते गिळते आहे. सिनच्या मागोमाग ‘आर’ खुणेचं रीसेट गेलं, तर कुणी ऐकत नाही. आणि ‘एस’पुढे टिंब असलेलं सिन-ॲक बाहेर जातंय, तरीही सिन पुन्हा येतंय, तर जाण्याची वाट ठीक आहे आणि परतीची तुटली आहे. या चौथ्या प्रकारात एसीएल किंवा राउटिंग तपासा.

९. यूडीपी असेल तर वेगळा हिशोब

यूडीपीत जोडणीच नसते. बंद पोर्टकडून सहसा ‘पोर्ट अनरीचेबल’ असा आयसीएमपी संदेश येतो. उघडा पोर्ट मात्र गप्पही राहू शकतो, आणि फायरवॉलही गप्पच असते. म्हणून नेटकॅटने यूडीपीसाठी ‘सक्सीडेड’ म्हटलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. त्याचा अर्थ फार तर इतकाच, की नकार आला नाही.

खात्री हवी तर त्या सर्व्हिसला तिच्याच भाषेत प्रश्न विचारा. डीएनएस (डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) असेल तर ‘डिग’ या कमांडने थेट त्या सर्व्हरला एखादं नाव विचारा. वायरगार्ड हे व्हीपीएनचं साधन तर ओळख न पटलेल्या पॅकेटला उत्तरच देत नाही, तशीच त्याची रचना आहे. तिथे खऱ्या किल्ल्या असलेला क्लायंट जोडून पाहणं किंवा सर्व्हरवर टीसीपीडंप लावणं हेच दोन मार्ग.

१०. शेवटी एनमॅपने सगळ्या पोर्टची झडती

एनमॅप १९९७ पासून वापरात आहे आणि या कामाला त्याच्या तोडीचं साधन मला दुसरं सापडलं नाही. पर्याय न देता चालवलं तर ते सर्वाधिक वापरातले १००० टीसीपी पोर्टच पाहतं, म्हणून सगळे हवे असतील तर:

एनमॅप -पीएन -पी- २०३.०.११३.१०

पहिल्या पर्यायातला ‘पी’ मोठा, ‘एन’ लहान. त्याचा अर्थ: पिंगला उत्तर आलं नाही तरी स्कॅन कर. तो नसेल तर पिंग अडवणाऱ्या सर्व्हरला एनमॅप ‘डाउन’ समजून सोडून देतं.

निकालात ‘ओपन’ म्हणजे कुणी ऐकतंय, ‘क्लोज्ड’ म्हणजे मशीन पोहोचलं पण पोर्टवर कुणी नाही, ‘फिल्टर्ड’ म्हणजे मध्ये कुणीतरी अडवतंय. पायरी ६ मधलेच तीन प्रकार. शेजारचं सर्व्हिसचं नाव मात्र पोर्टच्या क्रमांकावरून यादीत पाहून लिहिलेलं असतं. खरं कोण बसलंय ते कळायला ‘-एसव्ही’ लावा, त्यातला ‘व्ही’ मोठा.

दुसऱ्याच्या सर्व्हरवर हे विनापरवानगी चालवू नका. हात बसवायचा असेल तर एनमॅपवाल्यांनीच ‘स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग’ हे मशीन सरावासाठी खुलं ठेवलंय. दिवसाला मोजके स्कॅन तिथे चालतात.

निकाल हातात आला की पायरी १ मधल्या कागदाशेजारी ठेवा. कागदावर नसलेला जो पोर्ट ‘ओपन’ दिसतोय, तो कुणी आणि का उघडला ते आजच शोधा. चाचणीपुरता तुम्हीच उघडला असेल, तर क्लाउडमधला आणि सर्व्हरवरचा असे दोन्ही नियम काढा आणि स्कॅन पुन्हा चालवून तो यादीतून गेलेला पाहा.